इन्शुरन्सने वजनाच्या ऑपरेशनला नाही म्हटलं, आता लढायचं, पैसे भरायचे की इंजेक्शन घ्यायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ३८, उंची १५८ सेंमी, वजन ९८ किलो, शुगर निघून दोन वर्षं झालीत आणि दोन गोळ्या चालू असून एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.६, घोरणं भरपूर, पित्ताचा जुना त्रास. नाशिकच्या सिडकोत राहता, खासगी शाळेत शिकवता. तीन वर्षं चार महिने जुनी दहा लाखांची फॅमिली फ्लोटर, तिच्यात कॅशलेस नाकारलं. हॉस्पिटलचं पॅकेज ३ लाख ४० हजार. मिस्टर म्हणतात सोनं ठेवू, भाऊ म्हणतो पोटात फुगा टाकून घे, मैत्रीण म्हणते वजन कमी करायचं इंजेक्शन घे. आणि तुम्ही विचारताय की यातलं नक्की काय करू.

आधीच सांगून टाकतो, मी सर्जन आहे, नाशिकमध्ये बरीच वर्षं हीच ऑपरेशनं करतोय, त्यामुळे माझा कल ऑपरेशनकडे असणार हे धरूनच वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही "क्लेम रिजेक्ट झाला" असं लिहिलंय, तो अजून झालेला नाहीये. कॅशलेस नाकारणं वेगळं आणि क्लेम नाकारणं वेगळं. कॅशलेस नाकारलं म्हणजे कंपनी एवढंच म्हणतेय की आत्ता आमच्यासमोर जे कागद आहेत त्यावर आम्ही हॉस्पिटलला आधी हमी देणार नाही. ऑपरेशन करून, बिल भरून, रीइम्बर्समेंटला फाइल टाकायचा हक्क तुमचा तसाच शाबूत आहे, आणि त्याच्याही आधी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्ककडून (इन्शुरन्सचं काम बघणारा विभाग) कागद वाढवून प्री-ऑथ, म्हणजे कॅशलेसच्या आधीच्या मंजुरीचा अर्ज, परत पाठवता येतं. बरेच पेशंट इथेच हातपाय गाळतात आणि घरी जाऊन बसतात, कंपनीला काय, तेवढंच पाहिजे असतं.

आता ते पत्र काढा. त्यात कुठल्या कलमाखाली नाकारलंय ते बघा, कारण पुढचं सगळं त्या एका ओळीवर ठरतं. तुमच्या पत्रात "एक्स्क्लुजन ०६, बीएमआय ४० पेक्षा कमी, सहव्याधी सिद्ध नाही" असं आहे (बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा). हे कलम आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांना एकाच शब्दांत घालून दिलंय, त्यामुळे कंपनी कुठलीही असो मजकूर तोच सापडेल. त्याचा अर्थ असा की लठ्ठपणाच्या सर्जरीचा खर्च मिळणार नाही, पण या अटी सगळ्या पूर्ण झाल्या तर मिळेल: डॉक्टरांचा सल्ला हवा, ऑपरेशन मान्य वैद्यकीय प्रोटोकॉलप्रमाणे हवं, वय १८ किंवा जास्त, आणि बीएमआय ४० किंवा त्याच्या वर. बीएमआय ३५ किंवा वर पण ४० च्या खाली असेल तर मात्र सोबत चारपैकी एक आजार पाहिजे, लठ्ठपणामुळे झालेली कार्डिओमायोपथी (हृदयाच्या स्नायूचा आजार), हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, सिव्हिअर स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडणं) किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ डायबेटिस, आणि वजन कमी करायचे साधे उपाय करून ते फसलेले पाहिजेत.

तुमचा बीएमआय मी काढला, ९८ भागिले १.५८ चा वर्ग, ३९.२५ च्या आसपास. म्हणजे तुम्ही ३५ ते ४० च्या गटात आलात आणि दोन गोळ्यांवर ८.६ असलेली शुगर ही कुठल्याही फिजिशियनच्या हिशोबाने आटोक्यात नसलेलीच शुगर आहे. मग नाकारलं का? माझा अंदाज, फाइलमध्ये ते नीट लिहिलेलंच नाहीये. मी पाहिलेल्या अशा फाइलींत बहुतेक वेळा सर्जनची चार ओळींची चिठ्ठी असते, "मॉर्बिड ओबेसिटी, अॅडव्हाइज्ड स्लीव्ह" (स्लीव्ह म्हणजे जठर लहान करायचं ऑपरेशन), आणि एक एचबीएवनसीचा रिपोर्ट. समोरचा माणूस तुम्हाला ओळखत नाही, तो कलम समोर धरून एकेक अट कागदावर शोधतो, आणि "साधे उपाय फसले" याला तर काहीच पुरावा नसतो. तुम्ही वर्षभर डाएट केलं, गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर रोज चाललात, जिमची फी भरली, पण यातलं कागदावर काय आहे?

तर आता करायचं काय. फिजिशियनकडून लेटरहेडवर सविस्तर पत्र घ्या, शुगर कधी निघाली, कुठल्या गोळ्या कुठल्या डोसमध्ये किती महिने घेतल्या, प्रत्येक वेळचा एचबीएवनसी तारखेसकट, आणि "अनकंट्रोल्ड टाइप २ डायबेटिस" हे शब्द त्यात जसेच्या तसे असू द्या. डाएटिशियनकडे गेला असाल तर तिचे चार्ट आणि प्रत्येक भेटीतलं वजन. शुगर पहिल्यांदा निघाली तो लॅब रिपोर्ट तर जीव लावून शोधा, कारण पॉलिसी आधीची आणि शुगर नंतरची हे सिद्ध करणारा तोच एक कागद आहे, नाहीतर कंपनी उद्या "हा आजार आधीपासूनचा" म्हणून दुसरं कलम काढेल. आणि स्लीप स्टडी करून घ्या. घोरता म्हणताय, दुपारी शाळेत डोळे मिटतात म्हणताय, हे ऐकूनच मला शंका येते. एका रात्रीचा तपास आहे, आता मशीन घरी देऊनही करतात, आणि त्यात एएचआय (तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा) ३० किंवा वर आला तर तो सिव्हिअर धरतात, म्हणजे चारपैकी दुसरा आजारही तुमच्याकडे कागदावर आला. हा तपास फक्त इन्शुरन्ससाठी नाही हां, सिव्हिअर अॅप्निया असेल तर भूलतज्ज्ञाला ते आधी माहीत असायलाच हवं, आणि सीपॅप मशीन (मास्कमधून हवा देऊन श्वासाचा मार्ग उघडा ठेवणारं) लावून काही दिवस झोपल्याशिवाय मी स्वतः अशा पेशंटला टेबलवर घेत नाही.

वेटिंग पिरियडही एकदा तपासा. बहुतेक पॉलिसींत बॅरिअॅट्रिकला, म्हणजे वजनाच्या ऑपरेशनला, दोन किंवा तीन वर्षं थांबायला लावतात, तुमची तीन वर्षं होऊन गेलीत म्हणजे बहुधा अडचण नाही. जुन्या पॉलिसींत आधीच्या आजारांसाठी ४८ महिने असायचे, २०२४ पासून नियामकाने ती कमाल मर्यादा ३६ महिन्यांवर आणली आहे. शेड्यूलमध्ये "बॅरिअॅट्रिक" शब्द शोधा, काही ठिकाणी त्याला वेगळी रकमेची मर्यादा पण असते, दहा लाखांच्या पॉलिसीत या ऑपरेशनला दोनच लाख वगैरे. ते आधी कळलेलं बरं.

आणि मिस्टरांची कंपनीची पॉलिसी! तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात की अंबडच्या कंपनीत त्यांना तीन लाखांचा ग्रुप मेडिक्लेम आहे पण "त्यात विचारलं नाही". अहो आधी तिथेच विचारायचं असतं. ग्रुप पॉलिसीत बऱ्याचदा वेटिंग माफ असतं, आधीचे आजारही पहिल्या दिवसापासून घेतात, आणि बायको त्यात कव्हर असतेच बहुतेक. एचआरकडून पॉलिसीची पूर्ण प्रत मागा, ते एका पानाचं माहितीपत्रक नको. दोन्ही पॉलिसी चालल्या तर एकीतून घेऊन उरलेली रक्कम दुसरीतून मागता येते, ते कायदेशीर आहे, फक्त दोन्ही कंपन्यांना एकमेकींबद्दल सांगायचं.

परत नाकारलं तर? मग कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला लेखी तक्रार, ईमेलने, तक्रार नंबर घेऊन. सोबत आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवरही टाका. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही तर इन्शुरन्स ओम्बड्समन (विमा लोकपाल), नाशिकसाठी ते पुण्याचं ऑफिस लागतं. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकील चालतच नाही, आपणच बोलायचं, आणि कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायचं. ५० लाखांपर्यंतचे क्लेम ते बघतात आणि त्यांनी दिलेला निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही, म्हणजे तुम्हाला नाही पटलं तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. तुम्ही शिकवता, मुद्देसूद लिहिता, हे तुम्हाला अजिबात जड नाही.

पण पैशांचं नियोजन मात्र "क्लेम मिळणारच नाही" असं धरून करा. मिळाला तर आनंद आहे. क्लेमच्या भरवशावर हातउसने घेऊन बसलेली माणसं मी बघितलीत आणि त्यात ऑपरेशननंतरचं खाणंपिणं, गोळ्या, तपासण्या सगळ्याची हेळसांड होते.

एक गोष्ट स्पष्टच बोलतो. कोणीतरी तुम्हाला सांगेल, "मॅडम काळजी नको, आपण हर्नियाच्या नावाने फाइल टाकू". नाही म्हणायचं आणि त्या माणसाकडे परत जायचंही नाही. ते फ्रॉड आहे, पकडलं तर पॉलिसी रद्द होते, आणि पुढे खरा काही त्रास होऊन अॅडमिट व्हावं लागलं तर तुमचं आधीचं ऑपरेशन कागदावर नसल्यामुळे नवीन डॉक्टर अंधारात. तसंच पॉलिसी बदलताना वजन कमी सांगणं, शुगर लपवणं, हेही नको. पोर्टिंगचा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेण्याचा, विचार मनात असेल तर रिन्युअलच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज लागतो, वेटिंगचं क्रेडिट सोबत येतं, पण ३९ बीएमआय आणि शुगर बघून नवीन कंपनी घेईलच असं नाही, म्हणून आहे ती पॉलिसी आधी सोडू नका.

आता कलमातल्या आकड्यांबद्दल माझी चिडचिड. ३५ आणि ४० हे आकडे मूळचे पाश्चात्त्य शरीरांवरचे, १९९१ च्या अमेरिकी शिफारशीतले. आपल्याकडे कमी वजनालाच पोटावर चरबी आणि शुगर येते, म्हणून २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीत सर्जरीसाठी ३७.५ आणि आजार सोबत असेल तर ३२.५ असे आकडे धरले गेले. २०२२ मध्ये तर आंतरराष्ट्रीय संघटनांनी आजार असो नसो ३५ च्या पुढे सर्जरीची शिफारस केली आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करा म्हटलं. इन्शुरन्सचं कलम आहे तिथेच आहे. म्हणजे ३३ बीएमआय, इन्सुलिन चालू, वैद्यकीय दृष्ट्या सर्जरीला योग्य, पण पॉलिसीत नाही, असे पेशंट माझ्याकडे येतात आणि त्यांना भांडायला फारशी जागाच नाही. तुम्हाला आहे, म्हणून एवढं लिहितोय.

आता पर्यायांवर येतो. फुगा म्हणजे गॅस्ट्रिक बलून, एंडोस्कोपीने किंवा गिळायच्या कॅप्सूलने पोटात जातो, प्रकारानुसार चार ते सहा महिने किंवा थोडा जास्त काळ राहतो, मग निघतो. वजन साधारण दहा-पंधरा टक्के उतरतं, तुमच्या बाबतीत दहा-पंधरा किलो, आणि फुगा निघाल्यावर पुष्कळ जणांचं परत चढतं. खर्च लाखाच्या वर जातोच आणि इन्शुरन्स त्याला बहुतेक हात लावत नाही. ३९ बीएमआय आणि ८.६ शुगरला मी हा सल्ला देणार नाही. भावाला सांगा की स्वस्त दिसतंय पण तुमच्यासाठी ते महाग आहे.

इंजेक्शन हा मात्र खरा पर्याय आहे, त्याला मी हसत नाही. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, मोठ्या ट्रायलमध्ये वरच्या डोसवर सव्वा-दीड वर्षात सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. सेमाग्लुटाइडवर सरासरी पंधरा टक्के. शुगरवर दोन्ही उत्तम. अडचण ही की बंद केलं की भूक परत येते आणि वजनही बरंचसं परत येतं, म्हणजे हे बीपीच्या गोळीसारखं लांब चालवायचं औषध आहे. हिशोब करा, टिर्झेपटाइडची ५ मिग्रॅची बाटली आली तेव्हा ४,३७५ रुपयांना होती, आठवड्याला एक, महिन्याला साडेसतरा हजार, वर्षाला दोन लाखांच्या वर, दोन वर्षांत तुमच्या पॅकेजच्या पुढे. सेमाग्लुटाइडचं पेटंट भारतात मार्च २०२६ पर्यंतचंच, त्यानंतर देशी कंपन्यांना ते बनवायची मोकळीक, त्यामुळे तिथे हिशोब वेगळा पडतो, आजचा भाव मेडिकलमध्ये विचारूनच गणित मांडा. थायरॉइडच्या मेड्युलरी कॅन्सरची घरात हिस्ट्री असेल किंवा स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि ऑनलाइन मागवून स्वतःच टोचून घेऊ नका, प्लीज.

माझं मत असं, तुम्ही कागदपत्रं जमवताय त्या काळात फिजिशियनने हो म्हटलं तर इंजेक्शन सुरू करायला हरकत नाही. सहा महिन्यांत शुगर ताळ्यावर, वजन पंधरा किलो खाली आणि खर्च झेपतोय असं दिसलं तर ऑपरेशन लांबवा, मला काही वाईट वाटणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा, वजन ८७ च्या खाली गेलं की बीएमआय ३५ च्या खाली जातो आणि शुगर सुधारली की "अनकंट्रोल्ड" राहत नाही, मग इन्शुरन्सचं दार बंद. किती विचित्र आहे बघा, पण कलम तसंच आहे. म्हणून क्लेम लढायचा ठरवलं असेल तर ते पहिले.

ऑपरेशनमध्ये कुठलं, हेही तुमच्या पॅकेजमध्ये कोणीतरी आधीच ठरवून टाकलंय असं दिसतं. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग, किंबहुना थोडा जास्तच, काढून टाकतात, ऑपरेशन सोपं आणि सगळीकडे होतं. पण त्याने पित्त वर येण्याचा त्रास वाढू शकतो आणि तुम्हाला तो आधीच आहे. एंडोस्कोपी झालीये का? त्यात हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं) किंवा अन्ननलिकेला जखमा दिसल्या तर मी गॅस्ट्रिक बायपासकडे (जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात) झुकेन, शुगरसाठीही बायपास थोडा सरस. पॅकेज पंचवीस-तीस हजारांनी वाढेल कदाचित. पुढे पित्तासाठी स्लीव्हचं बायपास करून घ्यावं लागलं तर ते दुसरं पूर्ण ऑपरेशन आहे, आणि तो खर्च परत खिशातून.

स्वस्त पॅकेज बघताना मी काय विचारेन ते सांगतो. स्टेपलरच्या (जठर कापून शिवायचं साधन) कार्ट्रिज कुठल्या कंपनीच्या, किती लागतील, नवीन आहेत का, आणि त्यांचे स्टिकर आणि इनव्हॉइस बिलाला लावून मिळतील का (रीइम्बर्समेंटला ते लागतातच). आयसीयूचा दिवस पॅकेजमध्ये आहे का. लीक झाला (शिवणीतून गळती झाली), रक्तस्राव झाला, परत टेबलवर घ्यावं लागलं तर त्याचे पैसे कोण देणार, हे लेखी. रात्री दोनला सीटी स्कॅन होतो का तिथे. लीक चांगल्या हातात शंभरात एखादा, पण तो बऱ्याचदा घरी गेल्यावर पहिल्या आठवडा-दहा दिवसांत कळतो, नाडी जोरात, ताप, डाव्या खांद्यात दुखणं. म्हणून मुंबईत किंवा सुरतेत पन्नास हजार कमी लागतात म्हणून जाणाऱ्यांना मी विचारतो, आठव्या दिवशी रात्री ताप चढला तर घाट उतरून जाणार का? तिकडे करायचंच असेल तर नाशिकमधला एक सर्जन आधी गाठून ठेवा जो हे काम जाणतो आणि फोन उचलतो. अगदीच पैसे नसतील तर मुंबईच्या जेजेसारख्या सरकारी हॉस्पिटलात चौकशी करा, रांग मोठी आणि हेलपाटे भरपूर, पण हात चांगले असतात.

पैसे कुठून, तर सोनं ठेवून घेतलेलं कर्ज पर्सनल लोनपेक्षा साधारणपणे स्वस्त पडतं, त्यामुळे मिस्टरांचं म्हणणं चूक नाही. त्यांच्या पीएफमधूनही बायकोच्या आजारपणासाठी पैसे काढता येतात आणि ते परत भरायचे नसतात. हॉस्पिटलमधल्या "नो कॉस्ट ईएमआय"ची प्रोसेसिंग फी विचारा, आणि एकरकमी भरल्यावर पॅकेज किती कमी होतं तेही विचारा, मग कळतं कॉस्ट कुठे लपलीय. पण एकूण रक्कम ३ लाख ४० हजार धरू नका. आयुष्यभर मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, डी, बी १२, लोह, पहिलं वर्ष प्रोटीन पावडर, सुरुवातीला दर तीन महिन्यांनी आणि मग वर्षातून एक-दोनदा रक्त तपासण्या, हे सगळं पकडून पाच वर्षांचा आकडा काढा, त्यातून शुगरच्या गोळ्यांचा वाचणारा खर्च वजा करा, आणि मग इंजेक्शनच्या पाच वर्षांच्या आकड्याशेजारी ठेवा. व्हिटॅमिन परवडत नसतील तर ऑपरेशनच परवडत नाही असं मी तोंडावर सांगतो. बी १२ आणि थायमिन कमी होऊन हातापायाला मुंग्या, चालता न येणं, अशा अवस्थेत दोन-तीन वर्षांनी परत आलेले लोक बघितलेत, सगळे "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या सोडलेले.

शाळेचं विचारलंत. दुर्बिणीतून ऑपरेशन, दोन-तीन दिवस अॅडमिट, पुढे दोन आठवडे फक्त पातळ, मग मऊ, महिन्याभराने हळूहळू घरचं साधं जेवण. मिसळ बरेच महिने विसरा, आणि नंतरही अर्धा पाव खाल्लात तरी पुरे होईल. दोन ते तीन आठवड्यांनी वर्गात उभं राहता येतं, फक्त पाण्याची बाटली टेबलवर ठेवून दर दहा मिनिटांनी घोट घोट प्यायचं, एकदम ग्लासभर पाणी जाणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत करायचं असेल तर त्याच्या आधी तीन-साडेतीन महिने मोजा. पहिल्या आठवड्यात स्लीप स्टडी आणि फिजिशियनचं पत्र, लगेच दुसरं प्री-ऑथ, नाकारलं तर ग्रीव्हन्सचा महिना, त्या महिन्यात एंडोस्कोपी आणि ग्रुप पॉलिसीची प्रत, आणि शेवटचे दोन आठवडे यकृत आक्रसायला कमी कॅलरीचा डाएट. त्या डाएटच्या आधी तुमच्या शुगरच्या दोन गोळ्या कुठल्या ते डॉक्टरांना दाखवा, एक डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीची असेल तर ती आधी बंद करावी लागते.